कोरडा कोपरा

१. हिवाळ्यात बोट बाहेर काढतं तरी कोण?

नॉर्वेच्या किनाऱ्यावरचे हिवाळ्यातले फोटो कुणाला दाखवले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : तिथला समुद्र गोठत नाही का? आणि लगेच दुसरा : असल्या थंडीत शिडाची बोट घेऊन जायचंच कशाला?

आपल्याला नवल वाटतं ते दुसऱ्या प्रश्नाचं. कोकणात हिवाळा म्हणजे दर्याचे सुखाचे दिवस. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या पाण्यात लोटल्या जातात आणि दिवाळीनंतर तर आभाळ स्वच्छ, पहाटे जमिनीवरून येणारा मतलई वारा, दुपारी समुद्राकडून येणारा खारा. आपला बंद ऋतू पावसाळ्याचा. तेव्हा होड्या ओढून वर घ्यायच्या, खाली ओंडके द्यायचे आणि वरून झावळ्यांनी शाकारायच्या. उत्तर युरोपात हीच शाकारणी ऑक्टोबरच्या सुमाराला चालते. बोटी क्रेनने उचलून टेकूंवर उभ्या करतात, शिडं उतरवून कोरड्या खोलीत नेतात, वर ताडपत्री ताणतात. पुढं एप्रिलपर्यंत त्यांच्याकडं कुणी फारसं बघत नाही.

तरी काही बोटी पाण्यातच राहतात. नोकरीनिमित्त बर्गनमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या एका मित्राची ३४ फुटी फायबरग्लासची बोट अशीच बारमाही पाण्यात असते. एका जानेवारीत त्याला आणि त्याच्या बायकोला तिच्यातून उत्तरेला ओलेसुनपर्यंत जायचं होतं. बंदरं रिकामी मिळतात, डोंगर पाण्याच्या कडेपर्यंत पांढरे असतात आणि रात्री आभाळात हिरवा प्रकाश दिसण्याची आशा असते, एवढं कारण त्यांना पुरेसं होतं. तयारीचे आठ दिवस मी त्यांच्याबरोबर होतो.

समुद्र का गोठत नाही, याचं उत्तर सोपं आहे. खारं पाणी शून्याला गोठत नाही, त्याला साधारण उणे १.८ अंश लागतात. शिवाय गल्फ स्ट्रीम या उबदार प्रवाहाचा पुढचा फाटा अटलांटिक ओलांडून थेट नॉर्वेच्या किनाऱ्याला लागतो. त्यामुळं बर्गनच्या बाहेरचं पाणी भर हिवाळ्यातही पाच-सात अंशांच्या आसपास राहतं. त्याहून कितीतरी उत्तरेला, लोफोतेन बेटांजवळ, जानेवारी ते एप्रिल हा तर कॉड माशाचा मुख्य हंगाम. म्हणजे हिवाळ्यात समुद्रावर जाणं तिथल्या कोळ्यांना नवीन नाही.

बर्फाशी झुंज कशी देतात ते बघायचं, असं मनात घेऊन मी गेलो होतो. त्या आठ दिवसांत बर्फाचं नाव क्वचित निघालं. सारखा कानावर पडत होता तो ओलावा. काय भिजेल, कुठून भिजेल, भिजलेलं कुठं वाळवायचं. बोटीत एक कोपरा शेवटपर्यंत कोरडा राहिला पाहिजे, सगळी तयारी त्यासाठी, हे त्या दोघांनी मला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं. तो कोपरा कसा राखतात, ते या प्रकरणात पाहू.

२. थंड वारा जड असतो का?

हिवाळ्यातला वारा जड असतो असं खलाशी सांगतात. ते खरं आहे, पण किती खरं?

हवा तापली की पसरते, थंड झाली की आकसते. तीस अंशांना एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.१६ किलो असतं, शून्य अंशाला १.२९ किलो. म्हणजे मुंबईच्या हवेपेक्षा बर्गनची जानेवारीतली हवा सुमारे ११ टक्के जड. तेवढ्याच वेगाचा वारा शिडाला ११ टक्के जास्त रेटतो.

आता दुसरा हिशोब. वाऱ्याचा रेटा त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणं वाढतो. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट. २० नॉटचा, म्हणजे तासाला २० सागरी मैलांचा, वारा २५ नॉटचा झाला, तर वेग सव्वापट पण रेटा दीडपटीहून अधिक : २५ भागिले २० म्हणजे १.२५, त्याचा वर्ग १.५६. या मापानं पाहिलं तर थंडीमुळं आलेला ११ टक्के जडपणा म्हणजे वारा जेमतेम एक नॉट वाढल्यासारखा. खलाशांचं म्हणणं खोटं नाही, पण घाबरायचं ते वेगाला. हिवाळ्यात ध्रुवाकडची हवा आणि दक्षिणेची हवा यांच्या तापमानातला फरक वाढतो, त्या फरकावर अटलांटिकमधली वादळं पोसली जातात आणि एकामागून एक किनाऱ्याला येतात. दोन वादळांच्या मधे मिळालेली दीड-दोन दिवसांची उसंत हाच तिथला प्रवासाचा मुहूर्त.

म्हणून शीड लहान करता आलं पाहिजे, आणि तेही झटपट. मोठं शीड खालून गुंडाळून आखडण्याच्या बहुतेक बोटींवर दोन पायऱ्या असतात. मित्रानं तिसरी करून घेतली होती. त्याशिवाय जाड कापडाचं, भडक नारिंगी रंगाचं छोटं वादळी शीड. पण मला आवडली ती त्याची परीक्षा. संध्याकाळी साडेपाचला, मिट्ट काळोखात, धक्क्याला बांधलेल्या बोटीवर, जाड हातमोजे घालून दोघांनी शीड तीनदा आखडलं आणि तीनदा सोडलं. हातमोज्यांत जी गाठ सुटेना ती बदलली, जी कडी उघडेना तिला बोटभर लांबीची दोरी बांधली. उन्हाळ्यात उघड्या बोटांनी सहज होणारी निम्मी कामं हातमोज्यात होत नाहीत, हे आधी कळावं म्हणून ही खटपट.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा तपासायची त्याची रीतही साधी होती. कापसाचा बोळा घेऊन तो तारेवरून वरपासून खालपर्यंत फिरवायचा. तारेतला एखादा बारीक धागा तुटला असेल तर डोळ्यांना दिसत नाही, पण कापूस तिथं अडकतो. डाव्या बाजूच्या एका तारेवर, अगदी खाली, जिथं ती पोलादी नळीत शिरते तिथं, कापसाचं चिमूटभर पांढरं मागं राहिलं. ती तार दुसऱ्या दिवशी बदलली.

३. सहा तासांचा दिवस

जानेवारीच्या सुरुवातीला बर्गनमध्ये सूर्य सहा तासांच्या आसपासच क्षितिजावर असतो. जूनमध्ये एकोणीस तास. ही बोट सरासरी ५ नॉटनं जाते, म्हणजे तासाला ५ सागरी मैल. उन्हाळ्यात उजेडात ९५ मैल, हिवाळ्यात ३०. त्यातही मित्र २५ धरत होता, कारण अनोळखी बंदरात शिरताना उजेड हाताशी शिल्लक हवा.

त्यामुळं नकाशावर आधी लांबी मोजली गेली नाही, मुक्काम मोजले गेले. पंचवीस मैलांवर आडोसा कुठं आहे, तिथं हिवाळ्यात धक्क्यावर वीज मिळते का, त्याच्या अलीकडं माघारी वळायला दुसरी जागा आहे का. बर्गन ते ओलेसुनच्या वाटेवर बराचसा किनारा बेटांच्या मागं लपलेला आहे, फक्त स्टाड नावाचं भूशिर उघडं पडतं. तिथं लाटांना अडवायला एकही बेट नाही, आणि ते ठिकाण खवळलेल्या पाण्यासाठी बदनाम आहे. स्टाडच्या दक्षिणेला थांबायचे चार दिवस त्यांनी वेळापत्रकात कोरे ठेवले होते. हवामान बरं मिळालं तर चारही उरतील, नाही तर आणखी लागतील.

थंडीच्या सफरीचा सर्वांत मोठा निर्णय कॅलेंडरवर होतो, हे आपल्या नौदलानंही दाखवलं आहे. गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधलेली ‘तारिणी’ १० सप्टेंबर २०१७ ला सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली आणि जानेवारी २०१८ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून गेली. आपल्याकडं तेव्हा हिवाळा, तिथं ऐन उन्हाळा. तो उन्हाळा गाठता यावा म्हणूनच निघायचा महिना सप्टेंबर.

४. बोट आतून का भिजते?

हा भाग मी सावकाश सांगणार आहे, कारण हिवाळी बोटीचं मर्म इथं आहे.

पहिल्या रात्री मी पुढच्या खोलीत झोपलो. बाहेर पाऊस नव्हता, बोटीला कुठं गळती नव्हती. सकाळी उशाजवळची भिंत निथळत होती. गादीचा कोपरा उचलला तर खालची फळी ओली, आणि गादीच्या पाठीवर बुरशीचे काळे ठिपके धरायला लागलेले.

हे पाणी आलं कुठून? माठातल्या गार पाण्यानं तांब्या भरला की त्याला बाहेरून घाम फुटतो. तांब्या गळत नसतो. हवेतली वाफ त्याच्या गार अंगाला लागून पाणी होते. बोट म्हणजे हाच तांब्या उलटा : गार पाणी बाहेर, ऊबदार वाफ आत. वीस अंशांच्या हवेचा एक घनमीटर जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ धरू शकतो, पाच अंशांचा फक्त ७ ग्रॅम. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के दमटपणा असेल, तर १२ अंशांपेक्षा गार असलेल्या प्रत्येक वस्तूला घाम फुटतो. बोटीची भिंत ज्या पाण्याला टेकली आहे ते पाणी सहा अंशांचं आहे. मग भिंत निथळणार नाही तर काय होईल?

वाफ देतो आपणच. श्वासातून, ओल्या कपड्यांतून, उकळत्या भातातून. पण मोठा वाटा कुणाच्या ध्यानात येत नाही. स्वयंपाकाचा गॅस जळतो तेव्हा त्यातल्या हायड्रोजनचं पाणी बनतं. एक किलो गॅस जाळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपानं खोलीत येतं. जळालेल्या गॅसपेक्षा पाणी जास्त कसं? कारण हायड्रोजनला जोडला जाणारा ऑक्सिजन हवेतून येतो आणि त्याचंही वजन त्यात धरलं जातं. तेव्हा ऊब मिळावी म्हणून गॅसची शेगडी पेटवून बसणं म्हणजे भिंतींवर पाणी शिंपडणं. त्याहून वाईट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, अशी बातमी दर हिवाळ्यात आपण वाचतो. बोटीची खोली त्याहून लहान आणि त्याहून घट्ट बंद. या वायूला वास नाही, रंग नाही. म्हणून तिथं उशाशी त्याची सूचना देणारी घंटा असते, आणि मित्रानं ती आमच्यासमोर बटण दाबून वाजवून दाखवली.

उपाय काय? ज्याचा धूर आणि वाफ नळीनं बाहेर जाते असा हीटर. दोन प्रकार दिसतात. एकात डिझेल जाळून पंख्यानं गरम हवा नळ्यांतून खोल्याखोल्यांत सोडतात. वेबास्टो आणि एबरस्पेशर ही त्यातली जुनी नावं. हा चटकन तापतो, पण पंख्याला वीज लागते. दुसरा म्हणजे लोखंडी चूल, तिच्यात डिझेल थेंबाथेंबानं उतरतं आणि धुराडं छतातून वर जातं. डेन्मार्कच्या रेफ्लेक्स चुली अशा असतात. पंखा नाही, आवाज नाही, वीज गेली तरी चालू. मित्राच्या बोटीवर हीच होती. वर किटली कायम असायची आणि धुराड्याला बांधलेल्या दोरीवर मोजे.

आता एक उलटी वाटणारी गोष्ट. खोली कोरडी ठेवायला बाहेरची हवा आत घ्यावी लागते. बाहेर धुकं आहे, सगळं ओलं दिसतं, तरीही. शून्य अंशाची अगदी तुडुंब दमट हवासुद्धा घनमीटरमागं ५ ग्रॅमपेक्षा कमी वाफ बाळगते. तीच हवा आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिचा दमटपणा सुमारे २६ टक्क्यांवर येतो, आणि मग ती टॉवेलासारखी आतला ओलावा टिपते. आपण कोकणातली माणसं पावसाळ्यात खिडकी लावून घेतो, कारण आपल्या बाहेरच्या हवेत वाफ ठासून भरलेली असते. नॉर्वेत खिडकी किलकिली ठेवायची आणि चूल पेटती ठेवायची. एकाशिवाय दुसरं उपयोगाचं नाही.

उरलं भिंतीचं आणि गादीचं काम. भिंतीला आतून फोमचे ताव चिकटवायचे, म्हणजे उबदार हवेला गार फायबरग्लास लागतच नाही. गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी घालायची. धान्याची कणगी आपण जमिनीला टेकू देत नाही, खालून हवा खेळती ठेवतो, तीच युक्ती. मित्राच्या बायकोनं एक नियम घातला होता : ओले कपडे दाराच्या आत तीन पावलांपर्यंतच. त्यापुढं चुलीजवळचा बाक आणि एक झोपायची फळी. तिथं ओला मोजासुद्धा न्यायचा नाही. पाळीवरून आलेल्या माणसाला अंग टाकायला कोरडी जागा मिळते ती एवढ्यामुळं.

५. खोबरेल आणि डिझेल

घरातलं खोबरेल थंडीत बाटलीत गोठतं, मग आपण बाटली उन्हात ठेवतो. डिझेलमध्येही मेणासारखा अंश असतो. पुरेशी थंडी पडली की त्याचे कण तयार होऊन ते गाळणीत साचतात आणि इंजिन उपाशी राहतं. म्हणून थंड देशांत हिवाळ्याचं डिझेल वेगळं विकतात. उन्हाळ्याचं टाकीत उरलं असेल तर ते आधी वापरून संपवायचं. टाकी मात्र भरलेली ठेवायची, कारण रिकाम्या जागेतली हवा आतल्या आत घाम सोडते आणि ते पाणी डिझेलखाली बसतं.

पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. बोट धक्क्याला नुसती उभी असताना इंजिनाच्या नळ्यांत पाणी राहिलं आणि गोठलं, तर नळी फुटते. तेवढ्यासाठी त्यांत न गोठणारं द्रावण भरतात.

बॅटरी थंडीत आळसावते. शून्य अंशाला शिशाची बॅटरी तिच्या ताकदीच्या सुमारे चार पंचमांशच देते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर कायमची बिघडते. म्हणून मित्राची बॅटरी चुलीच्या बाजूच्या कपाटात होती.

६. एक, दहा, एक

अलिबागच्या समुद्रात कुणी बोटीतून पडलं तर तो भिजतो, खारं पाणी थुंकतो आणि वर येतो. सहा अंशांच्या पाण्यात काय होतं? पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगानं ओढून घेतं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी त्यासाठी लक्षात राहील असं सूत्र दिलं आहे : एक, दहा, एक. पहिलं मिनिट धाप आवरण्याचं. गार पाण्याच्या धक्क्यानं श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर तिथंच घात होतो. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे. त्यानंतर बोटं मिटत नाहीत, दोरी समोर असून धरता येत नाही. शुद्ध हरपायला मात्र साधारण तास लागतो.

पडल्यावर थंडीनं गारठून माणूस जातो, अशी आपली समजूत असते. गारठायला वेळ लागतो. पहिल्या मिनिटाला आणि दहाव्या मिनिटाला जीव धोक्यात असतो. म्हणून पोहता येण्यापेक्षा जीवरक्षक जाकीट अंगावर असणं मोलाचं, आणि जाकिटापेक्षाही मोलाचं मुळात पाण्यात न पडणं. बोटीच्या दोन्ही अंगांनी पुढून मागं सपाट पट्ट्या ताणलेल्या असतात. छातीच्या पट्ट्याला लावलेल्या आखूड दोरीचा आकडा त्या पट्टीत अडकवून मगच खोलीच्या दारातून बाहेर पाऊल टाकायचं. बाहेर येऊन अडकवायचा नाही, दारात उभं राहूनच अडकवायचा.

बोटीवर दोघंच, म्हणजे एक पडला तर वर काढायला एकच माणूस. भिजलेल्या कपड्यांतला ऐंशी किलोचा नवरा हातांनी ओढून घेणं तिला शक्य नाही. त्यांनी शीड चढवायची दोरी आणि कप्पी वापरून, पाण्यानं भरलेले चार कॅन एकत्र बांधून, ते धक्क्याजवळच्या पाण्यातून वर काढून बघितले. पहिल्यांदा एकोणीस मिनिटं लागली. सूत्रातली दहा मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. चौथ्यांदा सहा मिनिटांत जमलं.

कपड्यांबद्दल इतकंच : सुती काहीही नाही. कापूस भिजला की अंगाला चिकटतो आणि ऊब सोडतो. सह्याद्रीत पावसात मेंढरं राखणारा धनगर घोंगडी पांघरतो, कारण भिजलेली लोकरही ऊब धरून राहते. बोटीवरचा आतला थर तसाच लोकरीचा.

७. अंगावर चढणारा बर्फ

आता बर्फाकडं येऊ. हवा उणे दोनच्या खाली, वारा जोराचा आणि पाणी गार असेल, तर लाटेचे तुषार जिथं पडतात तिथं गोठतात. वीस चौरस मीटर पृष्ठभागावर फक्त एक सेंटिमीटर थर बसला तरी सुमारे १८० किलो होतात. कमरेवरच्या कळशीनं चालणं अडत नाही, पण डोक्यावर तीन हंडे रचले की तोल जपावा लागतो. तारांवर आणि डोलकाठीवर चढलेला बर्फ हे वरचे हंडे. त्यांच्या भारानं बोट कलली की सरळ व्हायला वेळ घेते, आणि शेवटी सरळ होतच नाही. अशा वेळी वेग कमी करायचा, वाऱ्याकडं पाठ फिरवायची म्हणजे तुषार कमी उडतात, आणि लाकडी हातोड्यानं थर फोडत आडोसा गाठायचा.

याचा अनुभव छोट्या शिडाच्या बोटीनं घेतल्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘जेम्स केअर्ड’. ध्रुवप्रवासी अर्नेस्ट शॅकल्टन आणि पाच जण २४ एप्रिल १९१६ रोजी, दक्षिणेकडचा हिवाळा सुरू होत असताना, अंटार्क्टिकाजवळच्या एलिफंट बेटावरून या साडेबावीस फुटी बोटीत निघाले आणि सुमारे ८०० सागरी मैल कापून १० मे रोजी साउथ जॉर्जियाला पोचले. तिची तयारी सुतार हॅरी मॅक्निश यांनी केली होती. हाती होतं तेवढ्यात. दुसऱ्या बोटीची डोलकाठी कण्याला आतून जखडली, खोक्यांची झाकणं आणि घसरगाडीच्या पट्ट्या वापरून वर सांगाडा केला, त्यावर कॅनव्हास शिवला. गोठून कडक झालेला तो कॅनव्हास आधी चरबीच्या चुलीवर सैल करावा लागला. फटींत दिव्याची वात, चित्रकाराचे तैलरंग आणि सीलचं रक्त भरलं.

वाटेत बोटीवर बर्फ इतका चढला की त्यांनी सरपटत जाऊन तो कुऱ्हाडीनं फोडला. जादा वल्ही बर्फात अडकली होती, ती समुद्रात टाकली. सहांपैकी दोन झोपायच्या पिशव्या गोठून ओझं झाल्या होत्या, त्याही टाकल्या. कोरडा कोपरा त्यांच्याकडं उरलाच नव्हता. पण गरम खाणं शॅकल्टननी चुकू दिलं नाही. ठरल्या वेळी शिजवलेलं जेवण, रात्री पाळी बदलताना गरम दूध. वाकून बसावं लागेल एवढ्याच उंचीच्या त्या जागेत एक जण प्रायमस स्टो दोन पायांत घट्ट धरायचा आणि लाट आली की भांडं हातानं वर उचलायचा.

मित्राच्या बोटीवरची स्वयंपाकाची शेगडी दोन खुंट्यांवर झुलती आहे, बोट कितीही कलली तरी भांडं सपाट राहतं. तरी निघायच्या पहाटे त्याच्या बायकोनं तीन मोठे थर्मास भरले : एकात पाणी, एकात डाळीचं पातळ वरण, एकात गूळ-आल्याचा चहा. समुद्र खवळला तर शेगडीजवळ उभं राहता येत नाही, म्हणाली. तिन्ही थर्मास तिनं चुलीमागच्या त्या कोरड्या फळीवर, गादी आणि भिंत यांच्या मधे उभे खोचले आणि हलतात का ते हातानं ढकलून पाहिलं.